ध्रुव नसलेलं आभाळ

मंगळवार, ६ मे

मिरजेहून निघताना ह्यांनी माझ्या पिशवीत ही विमा एजंटाची डायरी घातली. म्हणाले, "लीला, फोनवर तू एक गोष्ट सांगायला घेतेस आणि शेजारच्या दहा सांगतेस, मूळची राहूनच जाते. तिकडचं लिहून ठेव. परत आलीस की सावकाश वाचीन." म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईला कसली आलीय डायरी! पण इथे येऊन आठवडा झाला, दिवसभर घरात कुणी नसतं, आणि बोलल्याशिवाय मला जेवण पचत नाही. तर लिहिते. रोज नाही हां.

मी न्यूझीलंडला आले! मीच! आमच्या गल्लीत विमानात बसलेली मी दुसरी, आणि पहिली ती फक्त दिल्लीला गेलेली. कुणी विचारलं तर मी मनुरेवाला राहते असं सांगायचं. लाकडी घर आहे, ठोकलं तर पेटीसारखं वाजतं. मागे हिरवळ, लिंबाचं झाड, आणि पोरांना उड्या मारायला एक गोल जाळी, बाजेसारखी ताणलेली. नातीचं वय आता उड्या मारायचं नाही, सोळा पुरी झाली. अबोली नाव मीच ठेवलं, आणि बोलते बघा कशी, सारखी! पण इंग्रजीत. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मलाही तिचं कळतं, कारण ती हातांनी निम्मं बोलते. इथे मी ते माझ्या भाषेतच लिहीन.

सून मृदुला सकाळी ट्रेनने ओटाहुहुला ऑफिसात जाते. चारू, माझा चारुदत्त, वेलिंग्टनला मोठ्या प्रोजेक्टवर आहे. ते गाव विमानाने जायचं म्हणे. मला न्यायला विमानतळावर आला, घरी सोडलं, चहा प्यायला आणि गेला. बिचारा.

आता खरं लिहिते. मला इथला पूल नको, मनोरा नको, मेंढ्या गाडीतूनच पाहिल्या. मला एकदाच संध्याकाळी चारूने दार उघडून आत यायला हवंय. बूट काढावेत, मृदुलाने "आता आठवलं का घर?" म्हणावं, अबोलीने त्याच्या खांद्यावरून मोबाइल दाखवावा, आणि मी ओट्याशी पोळ्या लाटत हे सगळं पाठीनेच ऐकावं. एवढ्यासाठी मी बारा हजार मैल की किती ते आले. एकोणतीस जूनचं तिकीट आहे. तेवढ्यात एकदा होईलच की.

रविवार, ११ मे

आज इथे आयांचा दिवस होता. चारू आला! बेल वाजली, मी दार उघडलं तर हा उभा. मी म्हटलं, "स्वतःच्या घराची बेल कसली वाजवतोस रे, पाव्हण्यासारखी?" म्हणतो, किल्ली विसरलो. लहानपणापासून विसराळू. शाळेत दप्तर विसरून गेलेला एकदा, परत आला तर चप्पल विसरला.

दोन्ही हातांत पिशव्या. माती लागलेले कांदे, गाजरं, फ्लॉवरचा गड्डा केवढा, माझ्या डोक्याएवढा. विचारलं, कुठून आणलंस? "पुकेकोहे गावचे आहेत आई, विमानतळावरून येताना वाटेत घेतले." वास घेतला तर आपल्याकडच्या कांद्याचा वास. रडूच आलं. मी कांद्याला नावं ठेवली आणि डोळे पुसले.

मृदुलाने चहा केला. चारू म्हणाला, "चमचे कुठे ठेवतेस आता?" ती म्हणाली, "तिथेच." तो उठून दुसराच खण उघडून बसला. पुरुषांना घरातलं काही म्हणजे काही ठाऊक नसतं, ह्यांनाही साखरेचा डबा अजून सापडत नाही. रात्री राहा म्हटलं तर सकाळी लवकर मीटिंग. अबोली त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली, बराच वेळ आलीच नाही.

बैठकीच्या भिंतीवर एक खिळा आहे, त्यावर काहीच नाही. खाली चौकोनी पांढरी जागा. मृदुलाला म्हटलं, इथे आपला चौघांचा फोटो लावू, मी जायच्या आधी काढूया. ती म्हणाली, "बघू आई." फार शांत मुलगी आहे. दमते.

शनिवार, २४ मे

आज मला एक नवीन वेड लागलं, म्हणजे अबोलीचं वेड मला लागलं. तिच्याकडे मोठा कॅमेरा आहे, चारूने वाढदिवसाला दिलेला, तीन पायांच्या घोडीवर बसवायचा. ती रात्रीच्या आभाळाचे फोटो काढते. कॅमेरा एका जागी तासभर ठेवायचा, तो आपला फोटोमागून फोटो काढत राहतो, मग कॉम्प्युटरवर सगळे एकावर एक रचायचे, की प्रत्येक चांदणीची एक ओढलेली रेघ होते, आणि सगळ्या रेघा गोल गोल, बांगड्यांसारख्या, एकात एक. मोबाइलवर कुणाचा तरी तसला फोटो दाखवला. मी म्हटलं, अगं ह्या तर प्रदक्षिणा घालतायत! ती हसली.

मला वाटलं सोपं आहे. म्हटलं, "उत्तरेला धर, ध्रुवावर. तो हलत नाही, बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं." आणि मी आपली लिंबाच्या झाडावर उत्तर शोधत बसले. अबोली म्हणाली, आजी, ध्रुव इथून दिसतच नाही. तो पृथ्वीच्या पोटाआड गेला. मला खरंच वाटेना. एवढा मोठा तारा, ज्याच्यावर सगळं आभाळ टांगलंय, तो नाही? मग इथलं आभाळ कशाभोवती फिरतं? तर म्हणाली, दक्षिणेला एक जागा आहे. तिथे काहीच नाही. नुसता काळोख. त्या रिकाम्या जागेभोवती फिरतं. ती जागा बरोबर मधे आली तरच फोटो चांगला येतो, आणि तिथे काही दिसत नाही म्हणूनच ती शोधायला कठीण.

मी म्हटलं, देव नाही गाभाऱ्यात आणि प्रदक्षिणा चालू? कमाल आहे.

बाबाने सांगितलं म्हणून तिने मोबाइलमधलं होकायंत्र लावून कॅमेरा दक्षिणेकडे वळवला. तासभर आम्ही आत टीव्ही बघितला. मग फोटो बघितला तर सगळ्या बांगड्या अर्ध्या, मधली जागा डावीकडे फोटोच्या बाहेर, शेजाऱ्याच्या गॅरेजवर कुठेतरी. इथे होकायंत्राची सुई म्हणे बरीच सरकलेली असते, तो हिशेब घ्यायचा राहिला. फार हिरमुसली. बाबाने सांगितलं होतं, असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, बाबा इंजिनिअर आहे, ज्योतिषी नाही. मातारिकीच्या सुट्टीला तो येणार आहे, दोघं जाऊन काळोखाच्या जागी नीट काढा. तसं त्याने कबूलच केलंय. मातारिकी म्हणजे इथल्या माओरी लोकांचं नवीन वर्ष, आपल्या कृत्तिकांवरून धरतात.

मृदुलाला विचारलं, तूच का नाही नेत पोरीला? ती भांडी लावत होती. म्हणाली, "त्याने कबूल केलंय ना आई. त्यालाच करू दे."

सोमवार, २ जून

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. राजा इंग्लंडात, सुट्टी इथे. मजा आहे.

काल पुकेकोहेला आपल्या लोकांच्या हॉलमध्ये जेवण होतं, मृदुलाने नेलं. चांगलं गाव आहे, लाल-काळी माती, ओळीत कोबी. कुणी कुणी बायका तीन पिढ्यांपासून इथे आहेत. एका बाईंनी मला चारूची आई म्हणून ओळखलं, म्हणाल्या, "चारुदत्त ना, तो तर नेहमी दिसतो दुकानात." तेवढ्यात मृदुला मला जिलबी वाढायला घेऊन गेली. मी म्हटलं, विमानतळावरून येताना थांबत असेल. मग गाडीत बसल्यावर लक्षात आलं, विमानतळ घराच्या त्या अंगाला आणि पुकेकोहे ह्या अंगाला. मृदुलाला तसं म्हटलं. तिने आरसा नीट केला. मला दिशांचं कधीच जमलं नाही. ध्रुवच नाही इथे, दिशा कशा कळणार!

अबोली एक आठवडा सोडून एका शनिवारी मैत्रिणीकडे, सानिकाकडे, राहायला जाते. आज परत आली ती चारूचा निळा स्वेटर घालून. म्हटलं, कपाटातून काढलास का? हो म्हणाली.

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. आता इथे वड कुठून आणायचा! मी चार दिवस हिंडून शोधत होते. शेवटी बागेत एक झाड सापडलं, पोहुतुकावा नावाचं, त्याला चक्क पारंब्या! लाल लाल, केसांसारख्या, खाली लोंबणाऱ्या. मी मनात म्हटलं, तू वडाचा लांबचा मावसभाऊ असशील, चालवून घे. दोरा घेऊन गेले, हळदकुंकू, दोन आंबे मिळाले नाहीत म्हणून दोन किवी. फेऱ्या घालत होते तर कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थांबला. "कियोरा," म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार, आणि दोऱ्याकडे बोट करून काय काय विचारलं. मी सांगितलं, "हसबंड. लाँग लाइफ." त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे झकास, असं अबोलीने नंतर सांगितलं. चांगले लोक आहेत.

मृदुलाला सकाळीच म्हटलं होतं, तूही चल, ऑफिसला उशिरा जा. ती चपला घालता घालता थांबली. "मला नको आई." मी म्हटलं, अगं उपास नको धरू, नुसता दोरा बांध. ती म्हणाली, "तुम्ही बांधा. बाबांसाठी बांधा." आणि माझ्या पाया पडली. सणाचा नमस्कार असेल, पण डोळे भरलेले. मी हल्लीच्या मुलींना काही बोलत नाही. मी तिच्या नावाचा एक दोरा आपली बांधून आले, तिला सांगितलं नाही. पुण्य कुठे जातंय.

चंद्र एवढा मोठा की चांदण्या पुसल्यात. अबोली वैतागली. चंद्र जाऊ दे, मग आपली जागा शोधू.

रविवार, १५ जून

आज मला क्रॉस सापडला! म्हणजे आधी चुकीचा सापडला.

अबोलीसाठी बोटं उघडी असलेले हातमोजे विणले, कॅमेऱ्याची बटणं दाबायला. ते द्यायला मागे गेले तर पोरगी जाळीवर आडवी पडलेली. मलाही वर ओढलं. साडीवर चारूचं जुनं जाड जॅकेट, पायांत मोजे नि जँडल म्हणतात त्या रबरी चपला, आणि मी उड्यांच्या जाळीवर उताणी. ह्यांनी बघितलं असतं तर! इथे सहालाच मिट्ट काळोख होतो, तेवढी सोय आहे, माझी झोप मोडत नाही.

तिने शिकवलं. चार ताऱ्यांचा एक क्रॉस शोधायचा. मी लगेच दाखवला, हा बघ! मोठा, छान. ती म्हणाली, आजी, तो खोटा क्रॉस. सगळे आधी त्यालाच फसतात. खरा त्याच्याहून लहान असतो, आणि खऱ्याच्या शेजारी दोन राखणदार तारे असतात. ते दोघं नसतील तर क्रॉस खोटा. मग सापडला. डोक्यावर, सरळ उभा. त्याचा लांब दांडा खाली वाढवत न्यायचा. आणि त्या दोन ताऱ्यांच्या मधोमधून एक आडवी रेघ काढायची. दोन्ही रेघा जिथे भेटतात तिथे ती जागा. माझ्या हातात विणायच्या सुया होत्याच. एक मी क्रॉसवर धरली, एक तिने दोन ताऱ्यांमधून धरली, आणि सुयांची टोकं जिथे एकमेकींना लागली तिथे आम्ही दोघी बघत राहिलो. काहीच नव्हतं. नुसता काळोख, आणि त्याच्याखाली शेजाऱ्याचं धुराडं. मला उगाचच हात जोडावेसे वाटले.

मग मी तिला आपल्याकडची गंमत सांगितली. लग्नात संध्याकाळी नवरा नवरीला ध्रुव दाखवतो, म्हणजे संसार तसा अढळ. आणि नवरीने, दिसला न दिसला, "दिसला" म्हणायचं असतं. माझ्या वेळी पाऊस चालू होता, मी मांडवाच्या पत्र्याकडे बघून दिसला म्हटलं.

"आणि आई-बाबांच्या लग्नात?" तिने विचारलं.

म्हटलं, "अगं भर दुपारी दीडला! गुरुजींना पुढचं लग्न होतं. हॉलच्या पंख्याकडे बोट केलं, तुझी आई म्हणाली दिसला, तुझा बाबा म्हणाला मलाही दिसला. सगळे हसले."

ती हसली नाही. म्हणाली, म्हणजे दोघंही खोटं बोलले. मी म्हटलं, खोटं कसलं गं, रीत असते. तर म्हणाली, इथलं बरं आहे. इथे बघायला काही नाहीच, त्यामुळे कुणाला दिसलं म्हणावं लागत नाही.

काय डोकं चालतं पोरीचं. मी खूप हसले. तिने माझा हात धरून ठेवला होता, हातमोज्यातून बोटं गार लागत होती.

गुरुवार, १९ जून

उद्या चारू येणार! दुपारच्या विमानाने. सुट्टी तीन दिवसांची, रात्री राहणार. कसं राहत नाही बघते! उद्या संध्याकाळी चौघं जाऊन फोटो काढायचा, मग दोन दिवस घरात. मी पुरण शिजवून ठेवलं, नारळ खवला, त्याच्या उशीला नवा अभ्रा घातला. मृदुला म्हणाली, "अभ्रा कशाला आई," मी म्हटलं, तू गप गं. उद्यासाठी पाठ तयार ठेवलीय मी, ऐकायला.

शनिवार, २१ जून

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज लिहिते, नाहीतर ते आतच राहील.

काल दुपारी चारूचा फोन. विमान रद्द झालं. "आई, उद्या बघतो. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात नक्की." मी म्हटलं, विमानाला आपण काय करणार बाबा, जपून राहा. फोन ठेवला आणि पुरणावर झाकण ठेवलं. अबोली तिथेच उभी होती. आत गेली, कॅमेऱ्याची पिशवी घेऊन आली, आणि आईला म्हणाली, आपण जायचं. आत्ता. मृदुलाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीची किल्ली घेतली.

मी पोळ्या डब्यात भरल्या. उपाशी कसं राहायचं काळोखात!

वाइउकूच्या पुढे समुद्राकडच्या टेकाडावर जायचं होतं. वाटेत पुकेकोहे लागलं. सूर्य गेलेला, पण उजेड होता. अबोली पुढे बसलेली. एकदम म्हणाली, "लेफ्ट." मृदुला म्हणाली, "अबोली, नको." "आई, लेफ्ट." गाडी वळली. एका लहान घरासमोर थांबली, दारात ढीगभर कोबीच्या पेट्या, शेजारी शेतच. आणि चारूची राखाडी गाडी.

अबोली मागे वळली आणि मराठीत बोलली. इतक्या दिवसांत पूर्ण वाक्य पहिल्यांदा. "आजी, बाबा इथे राहतो."

मला वाटलं, इथे ऑफिस असेल. खरंच वाटलं, देवाशपथ. मग खिडकीत दिवा होता तिकडे बघितलं. माझा मुलगा एकटा उभा राहून भांडं घासत होता. एकच भांडं, एक चमचा. घासलं, पुसलं, आणि न बघता खण उघडून चमचा ठेवला.

तेव्हा मला कळलं. एकेक करून नाही, सगळं एकदमच कळलं, बेल, कांदे, खिळा. मृदुलाचे हात गाडीच्या चाकावर होते, ती रडत होती, आवाज न करता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उतरले. मी बेल वाजवली.

त्याने दार उघडलं. हातात फडकं. "आई," एवढंच म्हणाला. तोंड अगदी चौथीत नापास झाल्यावर झालं होतं तसं झालं.

मी काय काय बोलणार होते. आयुष्यात मला शब्द कमी पडले नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. पण एवढंच निघालं, "चल. काळोख व्हायला लागला. पोरीला फोटो काढायचाय. स्वेटर घे."

"स्वेटर अबोलीकडे आहे," तो म्हणाला.

"मग शाल घे."

तो माझ्याशेजारी मागे बसला. वाइउकूच्या वाटेला लागलो. मी मधेच पोळीचा डबा उघडला, पुरणपोळीचा वास गाडीभर झाला, त्याने एक घेतली, आणि समोर बघत म्हणाला, "मृदुला, तू?" ती म्हणाली, "दे." तुकडा पुढे गेला. एवढंच झालं.

टेकाडावर समुद्राचा आवाज आणि आभाळ. काय सांगू! घरामागचं आभाळ म्हणजे धुतलेलं पातेलं, आणि हे म्हणजे मीठ सांडलेलं. एवढ्या चांदण्यांत क्रॉस हरवलाच आधी. अबोली नि मी सुया काढल्या. चारू म्हणाला, "हे काय?" अबोली म्हणाली, तुझ्या होकायंत्रापेक्षा बरं आहे. तो हसला, मग तिच्यामागे वाकून बघत राहिला. मृदुलाने टॉर्च धरला, तांबडा कागद लावलेला. जमिनीपासून मुठीवर मूठ ठेवत आम्ही मोजून पाहिलं, चौथी मूठ भरते न भरते तोच सुयांची टोकं येत होती. तिथेच कॅमेरा रोखला. रिकाम्या जागेवर.

आधी अबोलीने चौघांचा काढला. अर्धं मिनिट हलायचं नाही म्हणाली. मी मधे, पोरगी माझ्या कुशीत, आईबाप दोन बाजूंना. मला दोघांचेही श्वास ऐकू येत होते. मी मनात म्हटलं, हे यंत्र बिघडू दे. हे बटण अडकू दे. असंच उभं राहू दे सगळ्यांना, हलू नका कुणी. पण क्लिक वाजलं.

मग कॅमेरा तासभर त्याचा तो चालू. माय-लेकी तिथे थांबल्या, मी नि चारू गाडीत बसलो.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"भांडण काय झालं?"

"भांडण नाही गं आई. भांडण असतं तर तूच मिटवलं असतंस."

"आणि वेलिंग्टन?"

"बाबा म्हणाले, तिला सांगू नका. फार हौसेने येतेय." मग म्हणाला, "आज येणारच होतो. उशीपर्यंत तयारी केलीस असं अबोलीने सांगितलं, मग नाही जमलं."

मी विचारलं, "परत जा म्हणू का तुला? माझ्यासाठी?"

"नको म्हणूस आई."

नाही म्हटलं. मनात म्हटलं. मनात म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. काचेवर आमचा श्वास साठला, बाहेर मृदुलाने अबोलीच्या खांद्यावर स्वतःची ओढणी टाकलेली अंधुक दिसत होती. त्याने काच पुसली आणि तिकडेच बघत बसला. मीही. पण मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही, कुणाकडे बघतोय ते.

परत येताना त्याला त्याच्या दारात सोडलं. तो उतरला. गाडी निघाली तरी दिव्याखाली उभाच होता. अभ्रा मी आज काढून धुवायला टाकला.

सोमवार, २३ जून

फोटो झाला. गोल, गोल, एकात एक, शेकडो, आणि बरोबर मधोमध ती जागा. अबोली म्हणाली, इथे घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात, तुमच्या ध्रुवाभोवती उलट्या. म्हणजे सरळ प्रदक्षिणा इथलीच! चौघांच्या फोटोत आम्ही नुसत्या काळ्या आकृत्या. मीच हललेय थोडी. मृदुलाने विचारलं, खिळ्यावर कुठला लावायचा. मी म्हटलं, गोल असलेला लाव. चौघांचा मला दे.

ह्यांना फोन केला. हो, तुम्हालाच. वाचताय ना? म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं." तुम्ही खोकलात. मग म्हणालात, "पासपोर्ट आल्यापासून तू गल्लीभर नाचत होतीस. कुठल्या तोंडाने सांगायचं?" मी फोन ठेवला. मग परत लावला, कारण तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील ते विचारायचं राहिलं होतं.

आज संध्याकाळी मृदुला माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मी अजून तुमची कोण?" मी तिला तेल लावून दिलं केसांना. केस फार गळतायत तिचे.

रविवार, २९ जून

विमानतळावर बसून लिहितेय, फाटकाच्या ह्या बाजूला.

सकाळी बेल वाजली. चारू आला होता सोडायला. मृदुलाही तयार होऊन बसलेली, तिची गाडी बाहेर. दोघांनाही दुसरा येतोय हे सांगायचं राहिलं असावं. दोन गाड्या, एक म्हातारी. दोघंही म्हणाले, "तू ने," "नाही, तू ने." मी पायरीवर उभी. मनुरेवाहून विमानतळ काही लांब नाही, आणि तेवढ्या वाटेत मला कुणालाच सोडायचं नव्हतं.

शेवटी मी माझी मोठी बॅग मृदुलाच्या गाडीत ठेवली आणि स्वतः चारूच्या गाडीत जाऊन बसले. म्हटलं, आता दोघांनाही यावंच लागेल.

अबोली दोन्ही गाड्यांच्या मधे उभी होती. माझ्या काचेशी आली, वाकली आणि मराठीत म्हणाली, "आजी, मी पण असंच करते."

मग ती आईच्या गाडीत बसली. वाटभर मी मागे वळून बघत आले, येतायत ना. येत होत्या.